ओली गोधडी, रिकामं भांडं

ठमीची गोधडी पहिल्यांदा ओली सापडली तेव्हा आईला वाटलं, रात्री खिडकीतून पाऊस आत आला. दुसऱ्या रात्री पाऊस नव्हता, तरी गोधडी ओली. ठमी ही आमची चौदा किलोची गावठी कुत्री, वय नऊ, नसबंदी झालेली. पिल्लू असताना शू बाहेर करायची हे शिकायला तिला जेमतेम दोन आठवडे लागले होते आणि त्यानंतर घरात ती कधी चुकली नव्हती. त्या सकाळी ती ओल्या गोधडीवरून उठली आणि कान पाडून दाराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली. ते बघवत नव्हतं. त्याच सुमारास तिचं पाण्याचं स्टीलचं भांडं दोनदा भरूनही पुरेनासं झालं होतं, आणि ती बाथरूममधल्या बादलीत तोंड घालायला लागली होती.

आईनं जे केलं ते बहुतेक घरांत केलं जातं. रात्री नऊ वाजता पाण्याचं भांडं उचलून ओट्यावर ठेवलं. पाणी कमी तर शू कमी, हा हिशेब सरळ वाटतो. पण अशा कुत्र्याच्या शरीरात तो बहुतेक वेळा उलटा चालू असतो. कुत्रं जास्त पितं म्हणून जास्त मुतत नाही. जास्त मुततं म्हणून त्याला जास्त प्यावं लागतं. हे का, ते समजून घ्यायला आधी मूत्रपिंडात डोकवावं लागेल.

ठमीएवढ्या कुत्रीची दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला साधारण ६० लिटर पाणी रक्तातून गाळून काढतात. पाच बादल्या म्हणा. एवढं पाणी तिच्या अंगात नसतंच; तेच पाणी पुन्हा पुन्हा गाळलं जातं आणि लगेच परत रक्तात घेतलं जातं. शेवटी बाहेर पडते ती जेमतेम अर्धा लिटर लघवी. गाळणं हे मूत्रपिंडाचं अर्धंच काम. शंभरातले नव्याण्णव भाग परत मिळवणं हे त्याचं खरं कसब. आता समजा, नव्याण्णवऐवजी सत्याण्णवच भाग परत आले. आकडा किरकोळ दिसतो, पण साठ लिटरांचे तीन टक्के म्हणजे पावणेदोन लिटरांवर लघवी झाली. तिपटीहून जास्त.

हे परत घेणं अनेक टप्प्यांत होतं, पण लघवी किती दाट व्हायची ते शेवटच्या नळ्यांमध्ये ठरतं. या नळ्यांच्या भिंतींतून पाणी सहजासहजी जात नाही. त्यात पाण्यासाठी खास दारं असतात. ॲक्वापोरिन नावाच्या या प्रथिनांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ही दारं उघडायची की मिटलेली ठेवायची, याचा निरोप मेंदूकडून येतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक तयार होतं, पिट्युटरी ग्रंथीतून रक्तात सुटतं आणि मूत्रपिंडाला सांगतं की पाणी वाचव. केंब्रिजच्या ई. बी. व्हर्नी यांनी मेंदूकडे जाणाऱ्या रक्तात खारट द्रावण सोडून हे कुत्र्यांमध्येच दाखवून दिलं. रक्त जरासं खारट झालं की निरोप सुटतो आणि लघवी आटते. त्यांचं हे काम १९४७ साली प्रसिद्ध झालं.

पण दारं उघडली तरी पाण्यानं बाहेर का यावं? कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की थोड्या वेळात त्यांना पाणी सुटतं, तसंच इथे होतं. मूत्रपिंडाचा आतला गाभा मुद्दाम खारट राखलेला असतो. दारं उघडली की तो खारटपणा नळीतलं पाणी ओढून घेतो.

म्हणजे पाणी वाचवण्यासाठी तीन गोष्टी जमून यायला हव्यात. मेंदूनं निरोप पाठवला पाहिजे, मूत्रपिंडाला तो ऐकू आला पाहिजे आणि गाभ्यात मीठ पाहिजे. यातलं एक जरी बिघडलं तरी पाणी वाहून जातं, रक्त घट्ट व्हायला लागतं आणि मेंदू दुसरं हत्यार काढतो, तहान. ठमी बादलीशी जात होती ती गेलेलं पाणी भरून काढायला. तिचं भांडं उचललं तरी आतली गळती चालूच राहणार होती. भरपाई तेवढी थांबणार होती. मूत्रपिंडाचा आजार किंवा मधुमेह असलेलं कुत्रं अशा एका रात्रीत धोकादायक कोरडं पडू शकतं. म्हणून हे अगदी ठामपणे लिहिते: कारण कळेपर्यंत पाणी तोडू नका. आधी पिणं वाढतं आणि मग मुतणं, असा प्रकारही आहे. कंटाळ्यानं किंवा अस्वस्थपणानं काही कुत्री पाणी पीत सुटतात. पण बाकीची सगळी कारणं तपासून बाजूला सारल्यावरच डॉक्टर त्या निष्कर्षावर येतात. घरबसल्या तो काढायचा नसतो.

आता बिघाड कुठे कुठे होतो ते बघू.

मधुमेहात निरोप ठीक असतो, ऐकणंही ठीक असतं. घोटाळा नळीच्या आत होतो. कुत्र्याच्या रक्तातली साखर डेसिलिटरमागे साधारण १८० ते २२० मिलिग्रॅमच्या वर गेली की गाळलेली सगळी साखर मूत्रपिंडाला परत घेता येत नाही. नळीत राहिलेली साखर पाण्याला धरून ठेवते आणि दोन्ही मिळून बाहेर पडतात. मधुमेहाचा सगळा आधुनिक इतिहासच कुत्र्याच्या लघवीपासून सुरू होतो. १८८९ साली स्ट्रासबुर्गमध्ये ऑस्कर मिन्कोव्हस्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं. अन्नाच्या पचनावर काय परिणाम होतो ते त्यांना बघायचं होतं. झालं भलतंच. बाहेर जायची शिस्त असलेलं ते कुत्रं प्रयोगशाळेतच वारंवार मुतायला लागलं. मिन्कोव्हस्कींनी लघवी तपासली तर तिच्यात भरपूर साखर. स्वादुपिंडाचा मधुमेहाशी संबंध असा उघड झाला, आणि १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनपर्यंतची वाट काढली तीही कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून. आज मधुमेही कुत्र्याला दिवसातून दोनदा ज्या इन्सुलिनची सुई टोचतात, ते त्याच्याच पूर्वजांचं देणं आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांतल्या माणसांच्या इन्सुलिनबद्दलही हेच म्हणावं लागेल. भरपूर खाऊनही वाळत जाणारं, सतत पाणी पिणारं आणि थोड्याच दिवसांत डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेलं कुत्रं दिसलं तर आधी साखर तपासावी.

निरोप येतो पण ऐकू येत नाही, असा सर्वांत धोक्याचा प्रकार नसबंदी न झालेल्या कुत्रीत होतो. माज संपल्यावर काही आठवड्यांनी, बहुतेकदा दोन महिन्यांच्या आत, तिच्या गर्भाशयात पू साठतो. याला पायोमेट्रा म्हणतात. बहुतेक वेळा ई. कोलाय हा जंतू असतो. त्याचं विष रक्तातून मूत्रपिंडापर्यंत पोचतं आणि नळ्यांचे कान बंद करतं. कुत्री घटाघटा पाणी पिते, खाणं टाकते, मलूल होते. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर मागून घाण स्राव दिसतो. तोंड मिटलेलं असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. पोट मात्र फुगत जातं आणि ती जास्त गंभीर अवस्था आहे. नुकतीच माजावर येऊन गेलेली कुत्री अचानक खूप पाणी प्यायला लागली तर उद्याची वाट बघू नये, त्याच दिवशी दवाखाना गाठावा. त्यावरचा खात्रीचा उपाय म्हणजे गर्भाशय काढून टाकणारी शस्त्रक्रिया, आणि ती जितकी लवकर तितकी बरी.

मूत्रपिंडच झिजलं असेल तर गाभ्यातला खारटपणा टिकत नाही. इथे एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. मूत्रपिंडाचा दोन तृतीयांश भाग निकामी झाला की लघवी पातळ व्हायला लागते, पण रक्तातलं क्रिएटिनिन वर जायला साधारण तीन चतुर्थांश भाग जावा लागतो. म्हणजे मधल्या काळात रक्ताचा अहवाल नॉर्मल येतो आणि कुत्रं मात्र बादली रिकामी करत असतं. ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये, लघवीही तपासून घ्यावी. म्हाताऱ्या कुत्र्यांत ही झीज सावकाश होते. तरुण कुत्र्यात ती एका दिवसातही होऊ शकते. द्राक्षं आणि मनुका कुत्र्यांच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. लंगडतंय म्हणून आपल्या डब्यातली आयब्युप्रोफेनची गोळी कुत्र्याला देणंही तसंच. आणि पावसाळ्यात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईकरांना हा शब्द वेगळा सांगावा लागत नाही. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून तो कुत्र्यांनाही होतो, मूत्रपिंड आणि यकृत धरतो. लेप्टोची लस दरवर्षी घेतलीच पाहिजे. आजारी कुत्र्याची लघवी पुसताना हातमोजे घालावेत, कारण तिच्यातून तो आपल्याकडेही येऊ शकतो.

कुशिंग नावाच्या आजारात शरीर स्वतःच जास्त कॉर्टिसॉल बनवतं आणि हे कॉर्टिसॉल व्हॅसोप्रेसिनच्या आड येतं. मध्यम वय उलटलेलं, पोट लोंबणारं, अंगावरचे केस विरळ झालेलं, सतत धापा टाकणारं आणि खाण्यावर तुटून पडणारं कुत्रं हे त्याचं नेहमीचं चित्र. ‘वय झालं, जाड झालंय’ म्हणून ते घरात वर्षभर दुर्लक्षित राहतं. रक्तातलं कॅल्शियम वाढणं, यकृताचे आजार, फिट्सवरचं फिनोबार्बिटोन, हृदयविकारासाठी दिलेली लघवीची गोळी हीही कारणं आहेत. मेंदूतून निरोपच न सुटणं, म्हणजे डायबिटीस इन्सिपिडस, क्वचित दिसतं.

हे सगळं झालं पाण्याच्या गळतीबद्दल. पण ओल्या गोधडीची दुसरी बाजू आहे, आणि तिचा मूत्रपिंडाशी काही संबंध नाही.

मूत्राशय ही स्नायूंची पिशवी. ती भरत असताना तिचे स्नायू सैल राहतात आणि तोंडाशी मूत्रनलिकेचे स्नायू आवळलेले राहतात. रिकामी करायची वेळ आली की उलट होतं, पिशवी आवळते आणि तोंड सैल पडतं. हा खेळ पाठीच्या कण्यातून येणाऱ्या चेता चालवतात, आणि कुत्रं शिकलेलं असतं ते यावर मेंदूचा ताबा ठेवायला. तो ताबा जागेपणी असतो. झोपेत सगळा भार तोंडाच्या आवळलेल्या स्नायूंवर पडतो.

नसबंदी झालेल्या काही माद्यांमध्ये ही पकड काही वर्षांनी ढिली पडते. बीजकोशातून येणारं इस्ट्रोजेन या स्नायूंना आणि त्यांच्या चेतांना दमदार ठेवतं. ते गेलं की दम कमी होतो. डॉबरमन, बॉक्सर, रॉटवायलर अशा मोठ्या जातींत हे जास्त दिसतं, पण गावठी कुत्रीतही होतं. कुत्री उठली की अंथरुणावर ओलं वर्तुळ असतं आणि तिला स्वतःला त्याचा पत्ता नसतो. जागी असताना ती व्यवस्थित बाहेर जाऊन शू करते. म्हणून नसबंदी करू नये असं मात्र मी म्हणणार नाही. गळतीला औषध आहे; पायोमेट्रा जीव घेतो.

पिल्लू जन्मापासूनच ठिबकत असेल तर कारण वेगळं असू शकतं. मूत्रपिंडाकडून येणारी नळी मूत्राशयात न उतरता पुढे मूत्रनलिकेत उघडते, म्हणजे दाराला वळसा घालून जाते. लॅब्रेडोर, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की यांच्या मादी पिल्लांत हे आढळतं. अशा पिल्लाला शिस्त लावण्यासाठी मारणाऱ्या लोकांची मला खरोखर चीड येते, कारण ते पिल्लू काही चुकतच नसतं. डॅशहंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्यात मणक्याची चकती सरकली की चेतांचा निरोपच तुटतो. मूत्राशय तुडुंब भरतं आणि मग वरून सांडत राहतं. नर कुत्रा पाय वर करून जोर करतोय आणि थेंबच पडतायत, किंवा तेही नाहीत, तर मुतखड्यानं वाट बंद झालेली असू शकते. इथे तासांचा हिशेब असतो.

आम्ही ज्या डॉक्टर बाईंकडे ठमीला नेलं त्यांनी तिला टेबलावर घ्यायच्या आधी मला तीन प्रश्न विचारले. “ताई, झोपेत होतं की जागेपणी? एका वेळी भरपूर होते की थोडी थोडी? आणि करताना ती बसते का, की चालता चालता गळते?” या तीन प्रश्नांत अर्धं निदान आहे. भरपूर आणि पातळ असेल तर संशय मूत्रपिंडावर आणि संप्रेरकांवर. थोडी थोडी, सारखी, जोर करून, कधी रक्ताची छटा, तर मूत्राशयाचा संसर्ग किंवा खडा. झोपेत, न कळत, तर पकड ढिली. पाहुणे आल्यावर पोट दाखवून थेंबभर सोडणारं भित्रं कुत्रं किंवा सोफ्याच्या पायाला खूण करणारा नर यांपैकी कशातच बसत नाही. तो वागणुकीचा भाग आहे.

मी म्हटलं, झोपेत होतं, आणि भरपूर होतं. त्या म्हणाल्या, “दोन्ही? मग आधी पाणी मोजा.”

मोजणं सोपं आहे, पण नेटानं करावं लागतं. सकाळी मापाच्या जगनं भांड्यात पाणी भरायचं आणि आकडा लिहायचा. दिवसभरात घातलेलं प्रत्येक पाणी लिहायचं, दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उरलेलं वजा करायचं. बादल्या झाकायच्या, कुंड्यांखालच्या ताटल्या काढायच्या, दुसरं कुत्रं असेल तर वेगळं ठेवायचं. असं तीन दिवस. निरोगी कुत्रं किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी पितं. १०० च्या वर गेलं तर ते नक्कीच जास्त. ओलं अन्न खाणारी कुत्री कमी पितात, कारण वरणभातात किंवा डब्यातल्या खाण्यात बरंचसं पाणीच असतं. कोरडे दाणे खाणारी जास्त पितात. मे महिन्यातला आकडा जानेवारीच्या आकड्याशी ताडू नये. ठमीचा तीन दिवसांचा सरासरी आकडा २१०० मिलिलिटर आला, किलोमागे दीडशे.

लघवीचा नमुना सकाळचा पहिला हवा, कारण रात्रभरात ती सर्वांत दाट झालेली असते. लांब दांड्याची पळी स्वच्छ धुऊन, कोरडी करून घ्यायची आणि कुत्री बसल्यावर मधली धार त्यात धरायची. लगेच धरू नये, नाहीतर ती दचकून उठते. माझे पहिले दोन दिवस फुकट गेले. नमुना तासाभरात पोचवायचा किंवा फ्रीजमध्ये ठेवायचा. डॉक्टर त्याचा एक थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर ठेवून घनता बघतात. पाण्याची घनता १.०००. निरोगी कुत्र्याची सकाळची लघवी बहुधा १.०३० च्या वर असते. १.००८ ते १.०१२ म्हणजे मूत्रपिंडानं ना दाट केली ना पातळ, जशी गाळली तशी सोडली; ते झिजल्याची शंका येते. १.००८ च्या खाली मात्र गंमत उलटी आहे. एवढी पातळ लघवी करायला मूत्रपिंडाला क्षार मुद्दाम काढून घ्यावे लागतात, म्हणजे ते काम करत असतं. बिघाड पाणी वाचवण्याच्या निरोपात असतो.

ठमीचा आकडा १.००५ होता. साखर नव्हती. डॉक्टर बाईंनी विचारलं, “कुठलं औषध चालू आहे?” मी सहज म्हटलं, “खाजेची गोळी.” त्यांनी स्ट्रिप बघायला मागितली. प्रेडनिसोलोन. चार महिन्यांपूर्वी त्वचेच्या ॲलर्जीसाठी ती दहा दिवसांकरता लिहून दिलेली होती. खाज परत आली, मी मेडिकलमधून तीच स्ट्रिप पुन्हा आणली, मग पुन्हा. गोळी दिली की ठमी रात्रभर शांत झोपायची, त्यामुळे मला वाटत होतं मी तिची काळजी घेतेय. प्रत्यक्षात मी तिला बाहेरून कुशिंग करत होते. ते स्टिरॉइड कॉर्टिसॉलसारखंच व्हॅसोप्रेसिनच्या आड येत होतं. आणि नसबंदीनंतर सात-आठ वर्षांत तिची पकड आधीच थोडी सैल झालेली होती. मूत्राशय रात्री अर्धं भरायचं तोवर ती टिकत होती. ते रोज तुडुंब व्हायला लागलं तेव्हा सांडलं. एका गोधडीवर दोन वेगवेगळे बिघाड एकत्र आले होते. फक्त गळतीचं औषध दिलं असतं तर पाण्याचं कारण लपून राहिलं असतं.

गोळी त्याच दिवशी बंद केली नाही, आणि हे महत्त्वाचं आहे. बाहेरून स्टिरॉइड मिळत असलं की शरीरातल्या अधिवृक्क ग्रंथी आपलं काम थांबवतात. अचानक तोडलं तर जनावर कोसळू शकतं. डॉक्टरांनी पाच आठवड्यांत पायरी पायरीनं ती उतरवली, खाजेसाठी वेगळा उपचार सुरू केला आणि लघवीचं कल्चर करून घेतलं, कारण स्टिरॉइडवर असलेल्या कुत्र्यात संसर्ग असला तरी जळजळीची लक्षणं दिसत नाहीत. कल्चरमध्ये जंतू सापडले, त्यावर औषध झालं.

मी फ्रिजच्या दारावर कागद लावून आकडे लिहीत गेले. २१००, १९५०, १६००. सहाव्या आठवड्यात ८००. मग गळती पंधरा दिवसांतून एखाद्या वेळी, बोटभर डाग एवढीच उरली. तेवढ्यासाठी औषध सुरू करायचं की नाही हे डॉक्टर बाई पुढच्या भेटीत ठरवणार आहेत. तोवर गोधडीखाली मेणकापड आहे, रात्री साडेदहाला मी तिला एकदा खाली नेऊन आणते, आणि आईनं पाण्याचं भांडं ओट्यावरून काढून परत गोधडीशेजारी ठेवलं आहे. रात्री झोपण्याआधी ती ते स्वतः भरते.